प्रयोगशाळेत जन्मलेला विषाणू

[सूक्ष्मदर्शकाखाली वाढणाऱ्या पेशी, मग उंदरांचे पिंजरे]

या पेशी माणसाच्या प्रोस्टेटमधल्या कर्करोगाच्या. १९९०च्या दशकात ती गाठ टिकवण्यासाठी संशोधकांनी ती उंदरांच्या अंगात वाढवली. एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. हे उंदीर बघा, अंगावर केस नाहीत. यांची प्रतिकारशक्ती इतकी क्षीण, की माणसाची गाठही त्यांच्यात तगते. पण उंदरांच्या जनुकांत जुन्या विषाणूंचे अंश दडलेले असतात. त्यांतले दोन एकमेकांत मिसळले आणि नवाच विषाणू तयार झाला: एक्सएमआरव्ही. त्या गाठीतून तयार केलेल्या पेशी पुढे अनेक प्रयोगशाळांत गेल्या. त्यांच्यासोबत विषाणूही गेला.

[वर्तमानपत्रांचे मथळे]

ऑक्टोबर २००९. अमेरिकेत रीनो इथल्या व्हिटमोर पीटरसन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केलं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या तीव्र थकव्याचा आजार, त्याच्या १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तात एक्सएमआरव्ही सापडला. २१८ निरोगी माणसांपैकी फक्त ८ जणांत. ‘सगळं तुमच्या मनात आहे’ हे वर्षानुवर्षं ऐकत आलेल्या रुग्णांनी यावर विश्वास ठेवला. त्यांचं काहीच चुकलं नाही. त्यांचा आजार खरा आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत मथळे थांबायला हवे होते.

[गोठवलेल्या नमुन्यांच्या नळ्या]

या नळ्यांवर नावं नाहीत, फक्त क्रमांक. रक्त रुग्णाचं की निरोगी माणसाचं, हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. २०११मध्ये नऊ प्रयोगशाळांना असेच नमुने दिले. एकीलाही रुग्ण आणि निरोगी माणसं खात्रीनं वेगळी ओळखता आली नाहीत. विषाणू रुग्णांच्या शरीरातून नव्हे, प्रयोगशाळेतूनच नमुन्यांत मिसळला होता. त्याच डिसेंबरमध्ये ‘सायन्स’नं शोधनिबंध मागे घेतला. २०१२मध्ये १४७ रुग्ण आणि १४६ निरोगी माणसांची पुन्हा तपासणी झाली. तपासणाऱ्यांत मूळ गटातले संशोधकही होते. विषाणूची जनुकं कुणाच्याच रक्तात सापडली नाहीत.

मधल्या काळात काही रुग्णांनी पदरचे पैसे भरून या विषाणूच्या चाचण्या केल्या, आणि हा विषाणू एचआयव्हीच्याच कुळातला म्हणून काहींनी एचआयव्हीवरची औषधंही घेतली.

[शिरेतून थेंब थेंब जाणारं औषध]

हे रितुक्सिमॅब, प्रतिकारशक्तीच्या काही पेशी नष्ट करणारं औषध. नॉर्वेमध्ये २०११ साली याच आजाराच्या ३० रुग्णांवरच्या छोट्या चाचणीत त्यानं आशा दाखवली होती. तिथल्या संशोधकांनी मग स्वतःच १५१ रुग्णांवर मोठी चाचणी घेतली. कुणाला औषध, कुणाला बिनऔषधाचं द्रावण, हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरांना. औषधाचा फायदा दिसला नाही, आणि २०१९मध्ये त्यांनी तेही तितक्याच ठळकपणे छापलं.