पावसाळ्यातील अंडी-उबवणी : यंत्रात पाणी किती असावे?

श्रोतेहो, नमस्कार. घरच्या घरी कोंबडीची अंडी उबवणाऱ्यांसाठी आजचे हे भाषण आहे आणि त्यात सांगण्याजोगी गोष्ट मुळात एकच आहे. जून ते सप्टेंबर या काळात ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे अशा खाडीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी पहिले अठरा दिवस उबवणी यंत्रात पाणी ओतण्याची घाई करू नये. पुन्हा सांगतो, पहिले अठरा दिवस. शेवटच्या तीन दिवसांचा हिशेब निराळा आहे, त्याकडे आपण नंतर येऊ.

यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात बहुधा असे लिहिलेले असते की आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवावी आणि त्यासाठी तळाच्या पन्हळी पाण्याने भराव्यात. यातील आकडा बरोबर आहे, पन्हळींची सूचना मात्र आपल्याकडचा आषाढ पाहून लिहिलेली नसते. हवा तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची ताकद वाढते आणि त्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. बाहेर तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर तीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाण्याचा थेंबही न घालता हवा तेवढा दमटपणा आपल्याला आयता मिळतो. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी हाच हिशेब केला तर आकडा पंचवीस टक्क्यांच्याही खाली जातो, आणि तेव्हा मात्र पाणी घालावेच लागते.

हा दमटपणा एवढा महत्त्वाचा का, तर अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि अठरा दिवसांत अंड्याच्या वजनाच्या साधारण १२ ते १३ टक्के पाणी त्या छिद्रांवाटे बाहेर जावे लागते. जेवढे पाणी जाते, तेवढी बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते आणि कवच फोडण्यापूर्वी पिल्लू आपली चोच याच पोकळीत घुसवून पहिला श्वास घेते. हवा फार दमट राहिली तर पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले, पाणावलेले पिल्लू आतच गुदमरते. हवा फार कोरडी राहिली तर आतला पापुद्रा चिवट होतो आणि पिल्लाला जखडून ठेवतो.

आमच्या कोपरखैरण्यातील शेजाऱ्यांची हकीकत यासाठीच सांगावीशी वाटते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचे आयुष्य गेले, त्यामुळे मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा स्वभाव. घणसोली गावातील एका मावशींकडून त्यांनी वीस गावठी अंडी आणली, प्रत्येकावर पेन्सिलीने खूण केली आणि सगळी अंडी एकत्र ट्रेमध्ये ठेवून स्वयंपाकघरातील काट्यावर वजन केले. ते ट्रे वजा जाता बरोबर नऊशे ग्रॅम भरले. अंडी एकेक करून मोजली तर साध्या काट्यावर फरक कळत नाही, सगळी एकत्र मोजली तर कळतो, ही युक्ती श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. नऊशे ग्रॅमचे तेरा टक्के म्हणजे सुमारे ११५ ग्रॅम अठरा दिवसांत जायला हवेत, म्हणजे रोज साधारण सहा ग्रॅम. अण्णांनी दोन्ही पन्हळी भरल्या आणि यंत्र बंद गॅलरीत मांडले. सातव्या दिवशी ४२ ग्रॅमच्या आसपास घट दिसायला हवी होती, ती दिसली फक्त २६ ग्रॅम. अंडी परत करायला जागाच नव्हती, पण अण्णा घणसोलीला तक्रार घेऊन गेले, तेव्हा मावशी एवढेच म्हणाल्या, “अहो अण्णा, खुडूक कोंबडी काय पोटाखाली पाण्याची वाटी घेऊन बसते?”

अण्णांनी पाणी काढले. आर्द्रतेचा आकडा पन्नाशीवर आला आणि सगळ्यांना हायसे वाटले. परंतु एक दिवसाआड संध्याकाळी तो पुन्हा साठीच्या जवळ जाऊ लागला. आता पन्हळी कोरड्या असताना हे पाणी येते कुठून? अण्णांनी पहिला संशय आर्द्रतामापकावर घेतला. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतके भिजवले, मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवले, आणि सकाळी मापकाने ७५ दाखवले. ओलसर मिठावरच्या बंदिस्त हवेची आर्द्रता नेहमी ७५ टक्केच असते, तेव्हा मापक निर्दोष होता. मग त्यांनी झाकणाची फट तपासली, पंखा तपासला, तारांचे सांधे तपासले. शेवटी सूनबाईंनी भाजी निवडता निवडता सांगितले, “बाबा, मी चादरी धुते त्याच दिवशी तुमचा आकडा वाढतो.” आणि खरोखरच गॅलरीत यंत्राच्या डोक्यावर दोरीवर ओल्या चादरी टांगलेल्या होत्या, पावसामुळे काचा बंद होत्या आणि चादरींचे सगळे पाणी यंत्राच्या हवेच्या भोकातून आत जात होते. (जाता जाता सांगतो, गॅलऱ्यांना सरकत्या काचा लावून त्या बंद करण्याची आपल्याकडची हौस मला कधीच पटलेली नाही. घराचे एक नाक बुजवायचे आणि मग भिंतीला बुरशी का येते म्हणून रंगाऱ्याशी भांडायचे, असा तो प्रकार आहे.)

एव्हाना घट बरीच मागे पडली होती. तेव्हा सूनबाईंनीच तोड काढली. त्यांच्या खोलीत रात्री एसी चालतो आणि एसी हवेतील पाणी काढून टाकतो, म्हणून यंत्र त्या खोलीत, एसीचा थेट झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात हलवले गेले. मुलगा आणि सून अंड्यांच्या सोबतीला झोपले आणि अण्णा दिवाणखान्यात पंख्याखाली डास मारत रोज सकाळी वजनाची वाट पाहू लागले. घट रोज आठ ग्रॅमच्या पुढे गेली. वांझ अंडी बाजूला काढल्यावर त्यांनी उरलेल्यांचा हिशेब नव्याने मांडला, आणि अठराव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात पोकळी अंड्याच्या जवळपास एक तृतीयांश भागापर्यंत उतरलेली दिसली. बहुतेक पिल्ले निघाली. घणसोलीच्या मावशींना अण्णांनी पेढे नेऊन दिले, सूनबाईंना काय दिले ते मात्र मला कळलेले नाही.

तेव्हा आकड्यापेक्षा वजन पाहावे, आणि वजनाबरोबर सातव्या, चौदाव्या व अठराव्या दिवशी पोकळी पाहावी. वजन हळू घटत असेल तर यंत्राची हवेची भोके पूर्ण उघडावीत आणि यंत्राची जागा बदलावी. वजन झपाट्याने घटत असेल तर थोडे पाणी घालावे. पाणी घालताना हे लक्षात असू द्या की दमटपणा पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर पसरटपणावर ठरतो. खोल वाटीपेक्षा उथळ ताटली जास्त काम करते.

आता शेवटचे तीन दिवस. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवावे आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी. यासाठी पावसाळ्यातही पाणी लागते, पन्हळी भरून पुरत नसेल तर ओला स्पंज ठेवावा. पाणी कोमट असावे आणि शक्यतो बाहेरच्या भोकातून नळीने सोडावे, कारण कवचाला पहिली टोच पडल्यावर झाकण उघडले तर क्षणात दमट हवा निघून जाते आणि पापुद्रा वाळतो. पहिले पिल्लू बाहेर आले की त्याच्या ओल्या अंगामुळे आकडा आपोआप वर चढतो, त्याने घाबरून जाऊ नये. टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत चोवीस तासही लागू शकतात. या वेळात घरातील मुले झाकणाभोवती घुटमळतात, त्यांना काचेतूनच पाहू द्यावे. स्टेशनबाहेर पाटीत विकायला ठेवलेली रंगवलेली पिल्ले हट्टापायी घेऊन देण्यापेक्षा ही वाट पाहणे मुलांना कधीही चांगले, असे माझे मत आहे.

निघालेली पिल्ले पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पहिला दिवस-दीड दिवस सहज काढतात, म्हणून ती वाळून फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्यावीत. सगळी पिल्ले काढून झाल्यावर पन्हळींतील पाणी फेकून द्यावे, यंत्र जंतुनाशकाने पुसावे आणि पंख्याखाली पूर्ण कोरडे करूनच खोक्यात ठेवावे. श्रावणात ओलसर ठेवलेल्या यंत्राला पुढच्या उबवणीआधीच बुरशी धरते. नमस्कार.