मिलिसेकंदात गायब होणाऱ्या रॅडिकलचा रेट मोजतात कसा?

नमस्कार मंडळी, खिडकी लावलीय तरी घोडबंदर रोडचे हॉर्न ऐकू येतील, तेवढं सांभाळून घ्या. खाली अडकलेल्या त्या गाड्यांच्या इंजिनात पेट्रोल जळताना मधल्यामधे छोटे रॅडिकल बनतात, मिथाइल, व्हिनाइल वगैरे. एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा, त्यामुळे समोर येईल त्याला धरतात. बाटलीत भरून ठेवू म्हटलं तर जमणारच नाही.

मग ते जागेवरच बनवायचे. ही युक्ती नॉरिश आणि पोर्टर या रसायनशास्त्रज्ञांची, 1949 च्या सुमाराची, 1967 ला नोबेलही मिळालं. त्यांच्याकडे फ्लॅशचा दिवा होता, आता लेसर. क्वार्ट्झच्या नळीत भरपूर हीलियम, त्यात किंचित व्हिनाइल ब्रोमाइडची वाफ, यूव्ही पल्स मारला की ब्रोमिन सुटतो आणि व्हिनाइल उरतो. नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून थोडा गॅस मास स्पेक्ट्रोमीटरमधे, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रात जातो, तिथे 27 वस्तुमानाचा, म्हणजे व्हिनाइलचा, सिग्नल कसा उतरतो ते बघायचं. एका पल्सचा सिग्नल अगदीच मरतुकडा असतो, म्हणून हजारो पल्स मारून बेरीज करतात.

आता खरी गंमत. मोजायचंय ते हे, की व्हिनाइल ऑक्सिजनला किती वेगाने धरतो. ठाणे स्टेशनबाहेर दहा भुकेली माणसं आणि हजार वडापाव. माणसं खाऊन निघून जातात पण वड्यांचा ढीग तेवढाच दिसतो ना? तसंच नळीत ऑक्सिजन हा व्हिनाइलच्या कितीतरी पट ठेवायचा, म्हणजे तो संपत आल्यासारखा होत नाही. दर घन सेंटिमीटरला ऑक्सिजनचे 10 लाख कोटी रेणू ठेवले तर रूम टेम्परेचरला व्हिनाइल साधारण 10 मिलिसेकंदात एक तृतीयांशाच्या आसपास येतो. ऑक्सिजन वाढवत जा, दरवेळी घटीचा वेग ग्राफवर मांडा, सरळ रेष येते आणि तिचा उतार म्हणजेच आपला रेट कॉन्स्टंट, म्हणजे ही रिअॅक्शन किती वेगवान आहे ते सांगणारा आकडा.

पण रेष शून्यातून जात नाही! मी पहिल्यांदा असा ग्राफ काढला तेव्हा पट्टी लावून जबरदस्तीने शून्यातून ओढली होती, सरांनी वही तशीच परत केली 😄 अहो वडापाव नसला तरी लोकल आली की माणसं जाणारच. रॅडिकल नळीच्या भिंतीवर आपटूनही मरतात, रेष जिथे उभ्या अक्षाला छेदते तो आकडा मुख्यतः भिंतीवर मरणाऱ्यांचा. म्हणून नळीला आतून मेणासारखा थर देतात, मग तो आकडा खाली येतो, आणि उतार जर जागचा हलला नाही तर समजायचं मोजमाप बरोबर चाललंय.