निवडीचा रंग

(दृश्य : काळ्या मातीवर चरणाऱ्या लाल कोळंब्या. कॅमेरा एका मादीच्या अगदी जवळ.)

हिच्या पोटाखाली पाहा. पिवळसर मण्यांचा घोस दिसतोय ना, ती अंडी आहेत. साधारण २० ते ३०. पोटाखालच्या पोहण्याच्या पायांनी ती त्यांना हलवत राहते. त्यामुळे प्रत्येक अंड्याला ताजं पाणी मिळतं, प्राणवायू मिळतो, आणि बुरशी धरत नाही. तीन ते चार आठवडे हे असंच चालतं. पाणी गरम असेल तर थोडं लवकर आटपतं.

आता याच अंड्यांत काळे ठिपके दिसताहेत. हे पिल्लांचे डोळे. म्हणजे आता थोडेच दिवस.

(दृश्य : शेवाळाच्या तंतूवर दोनेक मिलिमीटरचं पारदर्शक पिल्लू.)

आणि हे बाहेर आलं. जेमतेम दोन मिलिमीटर. पण पाय, मिशा, शेपटीचा पंखा, सगळं जागच्या जागी. पहिल्याच दिवसापासून ते शेवाळावरचा जिवाणूंचा पातळ थर खरवडून खायला लागतं.

टाकीत कोळंब्या पाळण्याच्या छंदाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. जपानी जलोद्यानकार ताकाशी आमानो यांच्यामुळे जगभरच्या टाक्यांत पोचलेली आमानो श्रिंप घ्या. तिच्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं, मग पुन्हा गोडं. घरच्या टाकीत तिच्या पिढ्यांमागून पिढ्या काढणं फार अवघड. ही जी तुम्ही बघताय, निओकॅरिडिना डेव्हिडी, तिला अळीची अवस्थाच नाही. आईच्या पोटाखालून थेट छोटी कोळंबी बाहेर पडते. त्याच टाकीत जन्मते, त्याच टाकीत वाढते, काही महिन्यांत स्वतः अंडी धरते. म्हणून एका माणसाला आपल्या डोळ्यांसमोर एका वाणाच्या अनेक पिढ्या बघता येतात. आणि बघता येतं, तिथे निवडता येतं.

(दृश्य : पांढऱ्या ताटलीत शेजारी शेजारी दोन कोळंब्या. एक मातकट, एक गडद लाल.)

या दोघी एकाच जातीच्या आहेत. डावीकडची मूळ रूपातली. चीन, तैवान, कोरियातल्या ओढ्यांत ही अशी असते. तपकिरी, हिरवट, अर्धी पारदर्शक. कुजक्या पानांवर बसली तर शोधून सापडणार नाही, आणि तिला जगायचं असेल तर तसंच असायला हवं. उजवीकडची लाल. ओढ्यात ती पहिल्या माशाच्या तोंडी गेली असती. तिचा रंग माणसांनी राखला, पिढ्यानपिढ्या, एकेक कोळंबी निवडून. हा लाल रंग कुठल्या कारखान्यात तयार झालेला नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे.

(दृश्य : छोट्या जाळीनं कोळंब्या ताटलीत घेतल्या जातात. हात संथ.)

छाननी सुरू झाली. पिल्लं दीड सेंटिमीटरची झाल्याशिवाय हे करायचं नाही, कारण त्याआधी रंग खरा कळत नाही.

घाईनंही करायचं नाही. घाबरलेली कोळंबी फिकी पडते, पांढऱ्या तळावर आणखी फिकी दिसते. म्हणून सगळ्या एकाच ताटलीत, एकाच उजेडात घ्यायच्या, थोडं शांत होऊ द्यायचं, आणि मग एकमेकींशी ताडून बघायचं.

आधी पाय बघायचे. पाठीवरचा लाल रंग चांगल्या खाद्यानंही खुलतो, अस्टाझॅन्थिन हे लाल रंगद्रव्य असलेलं खाणं दिलं की खुलतोच. पण तो खाण्याचा रंग, पिल्लांकडे जात नाही. पाय मात्र सहसा फसवत नाहीत. ही पाहा, पाठ सुंदर, पण पाय काचेसारखे. ही बाजूला. आता ही. पायांच्या टोकापर्यंत लाल, आणि कडेनं बघितलं तरी आत आरपार दिसत नाही. ही राहणार.

या लाल वाणात साध्या चेरीपासून साकुरा, मग फायर रेड, मग पेंटेड फायर रेड, अशी श्रेणी चढते. चढते म्हणजे लाल रंग अधिकाधिक अंग झाकत जातो. नरांना हीच मोजपट्टी लावायची नाही. नर लहान, सडपातळ आणि फिकेच असतात. फिका म्हणून प्रत्येक नर काढत गेलात तर शेवटी टाकीत नर उरणारच नाहीत. नर हे नरांशीच ताडायचे.

याच जातीतून पिवळा वाण निघाला, केशरी निघाला, ब्लू ड्रीमचा निळा निघाला. रिली नावाच्या वाणात डोकं आणि शेपूट रंगीत, मधलं अंग काचेसारखं. हे सगळे वाण वेगवेगळ्या टाक्यांत ठेवतात. निळे आणि लाल एकत्र सोडले तर काही पिढ्यांत बहुतेक पिल्लं पुन्हा ओढ्याच्या रंगाची होतात.

(दृश्य : कात टाकणारी मादी, संथ गतीत.)

हा क्षण टिपायला कॅमेरा बराच वेळ लावून ठेवावा लागला. पाठीवरचं कवच मानेशी फाटतं, ती अंग आक्रसते, आणि एका झटक्यात बाहेर. मागे राहिलं ते रिकामं कवच, मिशांसकट. ते काढून टाकायचं नसतं. कोळंब्याच ते खातात आणि त्यातले क्षार परत मिळवतात. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम कमी पडलं किंवा पाणी एकदम बदललं, तर कवच नीट सुटत नाही आणि कोळंबी त्यातच मरते.

नवं कवच अजून मऊ आहे, आणि टाकीत गडबड उडाली बघा. प्रौढ मादीनं कात टाकली की पाण्यात एक रासायनिक संदेश पसरतो. सगळे नर तिच्या शोधात सैरावैरा पोहायला लागतात. तिच्या मानेमागचा पिवळा डाग, ज्याला सगळे सॅडल म्हणतात, तो अंडाशय. थोड्याच वेळात तीच अंडी पोटाखाली उतरतील.

(दृश्य : दुसरी टाकी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रिस्टल रेड.)

या वेगळ्या. कॅरिडिना या प्रजातीतल्या (जीनस). यांचे पूर्वज दक्षिण चीन आणि हाँगकाँगच्या डोंगरी ओढ्यांतल्या काळ्या-पांढऱ्या ‘बी श्रिंप’, म्हणजे मधमाशी कोळंब्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांना आपल्या काळ्या-पांढऱ्या पिल्लांच्या गर्दीत एक लाल दिसली. एकच. दुसऱ्या कुणी तिला नवलाई म्हणून पाहिलं असतं आणि विसरून गेलं असतं. सुझुकींनी तिच्यापासून वाण धरला.

ते किती चिकाटीचं काम होतं, हे लाल रंगाचा हिशेब समजला की कळतं. हा लाल गुण दबून राहणारा आहे. लाल कोळंबीची जोडी काळ्याशी लावली, तर पहिल्या पिढीत सगळी पिल्लं काळी. लाल हरवला असंच वाटतं. पण तो त्या काळ्यांच्या पोटात असतो. त्याच पिढीतल्या भावंडांची जोडी लागली की पुढच्या पिढीत चारांत एक लाल निघते. मधली एक अख्खी काळी पिढी सांभाळायची, तिच्यात काहीच दिसत नसताना सांभाळायची, हे निवडकाराचं खरं काम. आज जगभरच्या टाक्यांत क्रिस्टल रेड आहेत त्या अशा सांभाळलेल्या पिढ्यांमुळे.

पुढे लोकांनी पांढऱ्याकडे लक्ष वळवलं. पांढरा दाट आणि अपारदर्शक हवा. सी या खालच्या श्रेणीत लाल जास्त, ट्रिपल एस या वरच्या श्रेणीत जवळजवळ सगळं अंग पांढरं. ही हिनोमारू. पांढऱ्या पाठीवर लालाचा एकच गोल, जपानच्या झेंड्यावर असतो तसा. ही मोसुरा, हिच्या फक्त डोक्यावर रंग उरलाय. दोघींच्या पट्ट्यांच्या कडा पाहा, किती स्वच्छ आहेत. कड फाटलेली असेल तर श्रेणी कितीही वरची असो, मी तिला वाणात ठेवणार नाही.

(दृश्य : बारीक नळीतून थेंब थेंब पाणी भांड्यात पडतंय.)

पाण्याबद्दल थोडक्यात. निओकॅरिडिना सामू (पीएच) ६.५ ते ८ मध्ये खुशीत राहते. क्रिस्टल रेडला आम्ल आणि मऊ पाणी लागतं, सामू साधारण ५.८ ते ६.८. त्यासाठी आरओचं पाणी घेऊन त्यात मोजून क्षार मिसळतात आणि तळाशी सामू खाली धरणारी माती घालतात. टाकी भरल्यावर महिना-दीड महिना थांबायचं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत एकही कोळंबी सोडायची नाही. नवी आणली की असं थेंबाथेंबानं पाणी बदलायचं. पाण्यात तांबं नको, माशांच्या कित्येक औषधांत ते असतं. फिल्टर स्पंजचा, म्हणजे पिल्लं ओढली जात नाहीत.

(दृश्य : ताटलीतल्या उरलेल्या, फिक्या कोळंब्या वेगळ्या टाकीत सोडल्या जातात.)

न निवडलेल्यांची टाकी वेगळी. त्याही तितक्याच छान चरतात, शेवाळ साफ ठेवतात. ओढ्यात किंवा तळ्यात मात्र एकही सोडायची नाही. जर्मनीत वीज केंद्राच्या कोमट पाण्यावर वाहणाऱ्या गिलबाख ओढ्यात निओकॅरिडिना अशीच स्थिरावली आहे. आणि वाण फार घट्ट भावंडांतच फिरत राहिला तर अंडी कमी होतात, पिल्लं टिकत नाहीत, म्हणून अधूनमधून त्याच रंगाचं वेगळ्या घराण्यातलं रक्त आणावं लागतं.

(दृश्य : निवडलेल्या लाल माद्या आणि नर नव्या टाकीत.)

या निवडलेल्या. काचेवर चिठ्ठी लावली आहे. वाण, कितवी पिढी, आजची तारीख, माद्या किती, नर किती. दोघी-तिघींच्या मानेमागे सॅडल दिसतंय, म्हणजे पुढच्या कातीसोबत अंडी धरतील. पिल्लं दीड सेंटिमीटरची व्हायला चार-पाच महिने जातील. तेव्हा पुन्हा छाननी, आणि त्या वेळी पाठीवरच्या पट्ट्याकडेही बघायचं आहे. या पिढीत तो दोन माद्यांना पुसट दिसतोय, आणि या लाल वाणात तो नको आहे.