बातमीदाराची डेस्कवरची पत

आजचा विषय आहे माध्यमांशी संबंध. त्यातल्या ‘संबंध’ या शब्दाचाच आधी निकाल लावू. जनसंपर्काच्या कामात नव्यानं आलेली माणसं संबंध म्हणजे ओळख समजतात. पहिल्या नावानं हाक मारता येणं, वाढदिवसाचा मेसेज, दिवाळीत फराळाचा डबा. यातल्या कशानंही बातमी लागत नाही. बातमीदाराकडे भांडवल एकच असतं, डेस्कवरची, म्हणजे मजकूर तपासून पानावर घेणाऱ्या उपसंपादकांमधली, त्याची पत. त्यानं दिलेला मजकूर उपसंपादक डोळे झाकून पानावर घेतो की प्रत्येक आकडा पुन्हा विचारतो, यावर त्याचं रोजचं काम चालतं. तुमच्या माहितीमुळे ती पत वाढली, तर तो उद्या तुमचा फोन उचलेल. तुमच्यामुळे त्याला एकदा खुलासा छापावा लागला, तर फराळ वाया गेला म्हणून समजा.

म्हणून आधी त्याचा दिवस पाहू. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला तो आज काय देणार, याची यादी मुख्य बातमीदाराकडे जाते. दुपारपर्यंत तो बीटवर असतो, म्हणजे महापालिका, जिल्हा परिषद, पोलीस, विद्यापीठ, जे काही त्याच्याकडे असेल ते. चार-पाचला परत आल्यावर बैठक होते आणि कोणती बातमी किती कॉलम हे साधारण ठरतं. मग आठ-साडेआठपर्यंत लिखाण. लांबच्या तालुक्यांची आवृत्ती आधी सुटते, कारण गठ्ठे घेऊन गाडीला रात्रीत तिथे पोचायचं असतं. शहर आवृत्ती सर्वांत शेवटी, मध्यरात्रीच्या आसपास. प्रत्येक दैनिकाच्या वेळा वेगळ्या असतात. त्या एकदा विचारून वहीत लिहून ठेवा, दर वेळी विचारू नका.

यावरून फोन कधी करायचा ते आपोआप ठरतं. साडेअकरा ते एक ही बरी वेळ. संध्याकाळी सहानंतर फोन करायचा तो फक्त दिलेली माहिती बदलली असेल तरच. ‘प्रेसनोट मिळाली का?’ एवढंच विचारायला केलेला फोन हा आपल्या व्यवसायाला जडलेला जुना आजार आहे. मिळालेली असते. तालुक्यातल्या कार्यक्रमाची बातमी त्याच तालुक्याच्या आवृत्तीत हवी असेल, तर ती रात्री नऊला पाठवून उपयोग नाही, ते पान तोवर सुटलेलं असतं.

दिवसांचंही गणित आहे. रविवारी सरकारी कार्यालयं बंद, त्यामुळे सोमवारच्या अंकाला बातम्यांची चणचण असते. एरवी दोन परिच्छेदांत जाणारा विषय सोमवारी डबल कॉलम होऊ शकतो. उलट अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी किंवा विसर्जन मिरवणुकीच्या वेळी तुमचा सामंजस्य करार कुणी वाचणार नाही. स्वातंत्र्यदिनी दैनिकांच्या कार्यालयांना सुट्टी असते आणि १६ ऑगस्टला अंक निघत नाही. तरी दर वर्षी कितीतरी संस्था मुद्दाम १५ तारखेला उद्घाटन ठेवतात आणि १७ला शिळी बातमी लागली नाही म्हणून रुसतात.

आता प्रेसनोट. इथे थोडं थांबणार आहे, कारण बहुतेक नातं इथेच जमतं किंवा बिघडतं. समजा, एका धर्मादाय रुग्णालयात नवजात बालकांसाठी १२ खाटांचा अतिदक्षता विभाग सुरू होतोय. नेहमीची प्रेसनोट कशी येते? ‘मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, कुणाच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन, कुणाचं रोपटं देऊन स्वागत, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार, ‘परिसरातील नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते’. बारा खाटा सहाव्या परिच्छेदात आणि दिवसाचा दर कुठेच नाही. ही प्रेसनोट वाचकासाठी नाही, संस्थेच्या विश्वस्तांसाठी लिहिलेली आहे, हे उपसंपादकाला पहिल्या ओळीत कळतं. विश्वस्तांना नावं हवीच असतात हे मान्य. ती शेवटी एका वाक्यात द्या, आणि त्यांच्यासाठी संस्थेच्या अहवालात वेगळा, सविस्तर वृत्तांत लिहा.

पहिलं वाक्य असं करून पाहा: ‘अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उपचारांसाठी आता जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागणार नाही, येथील धर्मादाय रुग्णालयात १२ खाटांचा नवजात अतिदक्षता विभाग सोमवारपासून सुरू होत आहे.’ दुसऱ्या परिच्छेदात आकडे: व्हेंटिलेटर किती, रात्री डॉक्टर कोण, दिवसाचा खर्च किती. तिसऱ्यात विभागप्रमुखांचं एक म्हणणं, दोन वाक्यांत, आणि ते माणूस बोलतो तसं असावं. ‘आरोग्यसेवेच्या क्षेत्रात मैलाचा दगड ठरेल’ असं कुणी तोंडानं बोलत नाही. एकूण २०० ते २५० शब्द, एक पान. खाली अशा माणसाचा मोबाईल क्रमांक, जो रात्री नऊलाही उचलेल आणि ज्याला आकडे पाठ असतील.

मग बातमीदाराच्या जागी बसून डेस्कचे प्रश्न स्वतःला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेली ही योजना आहे. त्यामुळे या बातमीवर पहिला प्रश्न येणार तो ‘गरिबांच्या बाळांसाठी इथे काय सोय?’ हा. बातमीदाराकडे उत्तर नसेल, तर रात्री आठला तो तुम्हाला शोधत बसेल किंवा बातमी उद्यावर ढकलेल. उद्यावर गेलेली बातमी सहसा परत येत नाही. असे तीन-चार अपेक्षित प्रश्न आणि त्यांची उत्तरं वेगळ्या कागदावर जोडून द्या. हा कागद छापण्यासाठी नसतो, बातमीदाराला डेस्कपुढे उभं राहता यावं म्हणून असतो.

‘राज्यातील पहिला’, ‘देशात प्रथमच’ हे शब्द पुराव्याशिवाय लिहू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या रुग्णालयातून संपादकांना फोन जातो, ‘आमच्याकडे चार वर्षांपासून आहे.’ बोलणी बसतात ती बातमीदाराला. तो तुम्हाला काही म्हणणार नाही, फक्त तुमची पुढची नोट तो सर्वांत शेवटी उघडेल.

काही अगदी कारकुनी गोष्टी, पण यांवरच जास्त नोटा मरतात. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर कचऱ्यासारखी दिसते. लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पाठवलेली नोट तर उपसंपादकाला पुन्हा टाइप करावी लागते. रात्री साडेआठला ती कोण करणार? सहीची प्रत हवी तर सोबत जोडा, पण मजकूर ईमेलमध्ये थेट चिकटवा. नावं देवनागरीतच द्या. इंग्रजी स्पेलिंगवरून काळे की काले, साठे की साठ्ये हे कळत नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की दाबला जातो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तीन कॉलमी फोटो साधारण १२ सेंटीमीटर रुंद छापला जातो. त्याला किमान १००० पिक्सेल रुंदी लागते, १५०० असली तर निवांत. ओळीनं उभ्या चौदा मान्यवरांपेक्षा इनक्युबेटरपाशी काम करणारी परिचारिका हा फोटो केव्हाही आधी लागतो. त्यात बाळाचा चेहरा दिसू देऊ नका आणि पालकांची लेखी संमती घ्या. फोटोखालच्या ओळीत ‘डावीकडून’ लिहून नावं क्रमानं द्या.

पत्रकार परिषदेबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण निम्म्या परिषदा व्हायलाच नकोत. प्रश्न विचारण्यासारखं काही असेल तरच बोलवा, नाही तर नोट पुरते. घ्यायची तर अकरा ते एकच्या दरम्यान. बोलणं दहा मिनिटं, प्रश्नांना वीस. व्यासपीठावर दोन माणसं पुरेत. वाहिन्यांच्या प्रतिनिधींना पंधरा-वीस सेकंदांचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यापुढचं बोलणं, आणि चालत्या कामाची दृश्यं हवी असतात, पाठीमागचा फ्लेक्स नको असतो. आणि माहितीचा कागद परिषद सुरू होतानाच वाटा. आधी वाटला तर माणसं उठून जातात म्हणून काही जण तो जेवणानंतर देतात. उठून जाण्यासारखी परिषद असेल, तर दोष कागदाचा नाही.

आता विश्वासाच्या गोष्टी. एखाद्या बातमीदारानं स्वतः खणून काढलेल्या विषयावर तुम्हाला प्रश्न पाठवले, तर उत्तर त्यालाच द्या. घाबरून तीच माहिती लगेच पत्रकारांच्या ग्रुपवर टाकून सर्वांना देणारे अधिकारी आहेत. नियमानं त्यात चूक नाही, पण त्या माणसाची आठवड्याची मेहनत तुम्ही एका क्लिकमध्ये फुकट वाटली. हे तो विसरत नाही, आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला न विचारता छापतो. तुमची बाजू त्यात नसते, याचं कारण इथे असतं.

‘ऑफ द रेकॉर्ड’ ही बोलण्याआधी ठरवायची गोष्ट आहे. सगळं बोलून झाल्यावर ‘हे छापू नका हं’ म्हणण्याला काही अर्थ नाही, समोरच्यानं पाळलं तर ती त्याची भलमनसाई. आधी विचारा, त्याचं ‘हो’ ऐका आणि मग बोला. छापायचं पण नाव द्यायचं नाही, नाव आणि पद दोन्ही द्यायचं नाही, की मुळीच छापायचं नाही, यातलं काय तेही तिथेच स्पष्ट करा. अमुक तारखेपर्यंत छापू नये, अशी अट घालायची असेल तर नोटेच्या डोक्यावर तारीख आणि वेळ लिहा, आणि मग कुणाही एकाला ती आधी फोडू नका.

वाईट बातमीच्या दिवशी या सगळ्याची परीक्षा होते. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली. रेल्वेचे जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी माहिती दडवण्याऐवजी कंपनीचं निवेदन वार्ताहरांना दिलं आणि त्यांना अपघातस्थळी नेण्याची व्यवस्था केली. ते निवेदन पहिली प्रेसनोट म्हणून ओळखलं जातं. म्हणजे आपल्या व्यवसायाचा हा कागद जन्मला तो सत्कारातून नव्हे, अपघातातून.

रुग्णालयात आग लागली, कारखान्यात वायुगळती झाली, तर पहिल्या तासात तीन वाक्यं पुरतात: काय घडलं आणि किती वाजता, आत्ता काय चाललंय, पुढची माहिती किती वाजता देणार. ती वेळ पाळा, नवीन काही नसलं तरी ‘नवीन काही नाही’ सांगायला या. कारणाचा अंदाज करू नका. मृतांचा आकडा स्वतःच्या मनानं सांगू नका, तो पोलीस किंवा जिल्हा प्रशासन देईल. रुग्णांची नावं नातेवाइकांना कळण्याआधी बाहेर जाता कामा नयेत. आणि फोन बंद ठेवू नका. ‘वारंवार संपर्क साधूनही प्रतिसाद मिळाला नाही’ हे छापील वाक्य तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ वाचकांना पुरेसा सांगून जातं.

चुकीचं छापून आलं तर? आधी चूक आहे की नावड आहे ते तपासा. आकडा, नाव, तारीख चुकली असेल तर बातमीदाराला फोन करा. थेट संपादकांकडे जाणं म्हणजे त्याची तक्रार करणं. दुरुस्ती शंभर शब्दांत, पुराव्याच्या कागदासह. सूर आवडला नाही, मथळा झोंबला, याला खुलासा नसतो. दाद मिळालीच नाही तर संपादकांना लेखी पत्र द्या. त्यापुढे भारतीय प्रेस परिषद आहे. दैनिक आणि साप्ताहिकाबाबत दोन महिन्यांच्या आत तिथे तक्रार करावी लागते, आणि संपादकांशी आधी पत्रव्यवहार केलेला असावा लागतो. परिषदेच्या अखत्यारीत छापील माध्यमं येतात, वाहिन्या नाहीत. अब्रूनुकसानीच्या नोटिशीची धमकी पहिल्याच फोनवर देणाऱ्या संस्थेची पुढची चांगली बातमीही वकिलाला दाखवूनच छापावी लागेल, असं डेस्कवर म्हणतात, आणि मग छापतच नाहीत.

राहिला पैशाचा विषय. ६ जानेवारीला, ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या आठवणीत पत्रकार दिन साजरा होतो आणि त्या दिवशी भेटवस्तूंचा पूर येतो. डायरी-पेनापर्यंत ठीक. आर्थिक पत्रकारितेसाठी प्रेस परिषदेच्या आचारसंहितेत भेटवस्तू, सहली, सवलती घेऊ नयेत असं म्हटलं आहे आणि कंपनीच्या खर्चानं दौरा केला असेल तर लेखात तसं सांगावं असंही. प्रकल्प दाखवायला नेत असाल तर हे वाक्य छापलं जाणार हे धरूनच न्या. तालुका वार्ताहरांची अडचण वेगळी आहे. मानधन तुटपुंजं, आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायची जबाबदारीही त्यांच्यावरच. त्यांना जाहिरात द्यायची तर द्या, बिल घ्या, पण त्या संभाषणात बातमीचा विषय काढू नका. जमलं तर जाहिरातीचं बोलणं दुसऱ्या माणसाकडे सोपवा. ‘आम्ही तुमचे जाहिरातदार आहोत’ हे वाक्य प्रेसनोटेच्या ईमेलमध्ये लिहिलं की ती नोट बातमी उरत नाही.

शेवटी यादी. बीट बदलतात, माणसं दैनिकं बदलतात, काही वाहिनीत जातात. दर तीन महिन्यांनी यादीतलं प्रत्येक नाव तपासा: दैनिक, बीट, आवृत्ती, ईमेल चालतो की व्हॉट्सअॅप, कोणत्या वेळी फोन नको. सोडून गेलेल्याला काढा आणि नव्याला आपणहून कळवा. आणि तुम्ही नोकरी बदलाल तेव्हा ही वही पुढच्या माणसाला देताना, कुणाला कोणती माहिती कधी देण्याचं कबूल केलंय आणि कुणाचं उत्तर अजून बाकी आहे, तेही त्यात लिहून द्या.