ओली कच, जादा डिझेल

(सकाळ. मागे जोतिबाचा डोंगर, पुढे हॉटमिक्स प्लांट.)

रात्री वळवाची सर येऊन गेली. कोल्हापूरजवळच्या या प्लांटवर डिझेलच्या ज्वाळेवर खडी तापवून रस्त्यासाठी डांबरात घोळवतात. खडीचे ढीग अजून निथळतायत. जूनच्या आत डांबरीकरण उरकायची घाई आहे. एकदा पाऊस लागला की काम थेट दिवाळीकडं जातं.

(चिमणी.)

हा पांढरा लोट बघा. यातली बरीचशी वाफ आहे, खडीतलं पाणी. कार्बन डायऑक्साइडही यातच आहे, पण तो दिसत नाही. त्याचा हिशेब लागतो तो डिझेलच्या टाकीजवळ.

(टाकीत उतरणारी पट्टी, अगदी जवळून.)

सकाळी पट्टी बुडवायची, ओली खूण कुठवर आली ते बघायचं, वहीत लिटर लिहायचे. संध्याकाळी पुन्हा. जळालेल्या प्रत्येक लिटरमागे साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरभर डिझेल स्वतः किलोभरही भरत नाही; जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून वजन वाढतं. डंपर, डांबरी थर पसरणारा पेव्हर, रोलर यांचं डिझेलही याच वहीत. रिफायनरीत डांबर तयार होतानाचं उत्सर्जन वेगळ्या रकान्यात.

(वजनकाटा. ट्रेमध्ये कच.)

आता ही कच, म्हणजे दगड फोडताना पडणारा बारीक चुरा. खडीपेक्षा हीच जास्त पाणी धरते. ओली 1040 ग्रॅम भरली आणि ओव्हनमध्ये वाळून 1000 उरली, तर ओलावा 4 टक्के. टनाला 40 लिटर पाणी! डांबर नीट बसायला माल 160 अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि आतलं पाणी उडाल्याशिवाय तो तापतच नाही. खडी तापवणाऱ्या ड्रममधली ही ज्वाळा आधी पाणीच उकळत असते. एक टक्का ओलाव्यापायी टनामागे अंदाजे पाऊण लिटर डिझेल जातं.

7 मीटर रुंद, 5 सेंटिमीटर जाड थराच्या एका किलोमीटरला सुमारे 800 टन खडी-कच लागते. तिचा एक टक्का ओलावा कमी केला, तर 600 लिटर डिझेल वाचतं. दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड! त्यासाठी हवी ढिगावर पत्र्याची शेड आणि खाली उताराचं काँक्रीट. एवढंच.

(पुराचं जुनं चित्रण.)

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब कशासाठी? हवा तापली की असा पाऊस वाढायची भीती असते. 2019 आणि 2021 साली कोल्हापूरच्या वेशीवर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली होता.

(दुपार. ढग.)

आभाळ भरून आलंय. दोघं जण कचेवर ताडपत्री ओढतायत. एक कोपरा वाऱ्यानं सुटतो, तिसरा धावत येऊन त्यावर दगड ठेवतो.