छुप्या भूमिका आणि नवा खेळाडू

टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. प्रत्येकासमोर एक पालथे कार्ड आहे आणि त्यावर काय आहे हे फक्त ज्याचे त्यालाच माहीत आहे. डॉन एस्क्रिज यांनी रचलेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अ‍ॅव्हलॉन’ हा खेळ येथे मांडला आहे. पाचांपैकी तिघे राजा आर्थरचे निष्ठावान आहेत, दोघे त्याचा शत्रू मॉर्ड्रेड याचे हस्तक आहेत. हस्तक एकमेकांना ओळखतात. मोहिमेवर कोणी जायचे हे सर्वांच्या मतदानाने ठरते आणि गेलेले खेळाडू यशाचे किंवा अपयशाचे कार्ड गुपचूप टाकतात. निष्ठावानांना शत्रू कोण हे बोलण्यातून, मतदानातून आणि फसलेल्या मोहिमांवरूनच ताडावे लागते.

या प्रकारच्या खेळांचा उगम मॉस्कोत सापडतो. तेथील राज्य विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ यांनी १९८६ मध्ये ‘माफिया’ हा खेळ तयार केला. सर्व काही जाणणारे थोडे आणि काहीच न जाणणारे बरेच, एवढ्या एका विषमतेवर तो उभा होता. आपल्याकडे चिठ्ठ्या टाकून राजा, प्रधान, शिपाई आणि चोर खेळलेल्या कोणालाही छुपी भूमिका म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरीही ‘अ‍ॅव्हलॉन’च्या पहिल्या डावात नवे खेळाडू गोंधळतात आणि त्याला ठोस कारण आहे.

बुद्धिबळात किंवा कॅरममध्ये नियम आठवला नाही तर शेजाऱ्याला विचारता येते. येथे तशी सोय नाही, कारण प्रश्न विचारणे म्हणजेच आपली भूमिका उघड करणे होय. निष्ठावानांपैकी एकाची भूमिका मर्लिनची असते आणि हस्तक कोण आहेत हे त्याला ठाऊक असते. पण ती माहिती त्याला उघडपणे वापरता येत नाही, कारण शेवटी हस्तकांपैकी मारेकऱ्याची भूमिका असलेल्याने मर्लिनला अचूक ओळखले तर जिंकलेला डावही निष्ठावान हरतात. अशा वेळी नव्या खेळाडूने “मर्लिनने नेमके काय करायचे असते?” एवढे जरी विचारले, तरी टेबलावरच्या सर्वांना उत्तर मिळून जाते.

चूक झाली तर ती दुरुस्तही होत नाही. डाव सुरू होण्यापूर्वी सर्वांनी डोळे मिटलेले असताना हस्तकांनी अंगठा वर करायचा आणि मर्लिनने तेवढ्यापुरते डोळे उघडून ते पाहून घ्यायचे, असा नियम आहे. एखादा नवखा हस्तक अंगठा वर करायला विसरला, तर मर्लिन त्याला निष्ठावान समजून चालतो आणि पुढचा सगळा तर्क खोट्या पायावर उभा राहतो. मोहिमेवर गेलेल्या निष्ठावानाने यशाचेच कार्ड टाकले पाहिजे. त्याने घाईत अपयशाचे टाकले, तर ते कोणाचे हे कोणालाच कळत नाही आणि निरपराध माणसावर संशयाची राळ उडते.

म्हणूनच माझ्या मते सोपे करायचे ते गुपित नव्हे, तर विचारावे लागेल असे प्रत्येक काम. कार्डे वाटण्यापूर्वीच प्रत्येक भूमिका सर्वांना मोठ्याने समजावून सांगावी. डोळे मिटण्याचा संपूर्ण क्रम एकदा कार्डे उताणी ठेवून करून पाहावा, म्हणजे अंगठा केव्हा आणि कोणी वर करायचा हे हाताला कळते. सर्व भूमिकांचा तक्ता प्रत्येकाच्या समोर असावा. तो एकच कागद मध्यभागी ठेवला, तर त्याकडे वारंवार पाहणाऱ्याची नजरच त्याचा घात करते. ही बारीकशी गोष्ट बहुतेक यजमानांच्या ध्यानात येत नाही.

भूमिकांची संख्या हा यापुढचा प्रश्न. निष्ठावानांकडचा पर्सिव्हल आणि हस्तकांकडचे मॉर्गाना, मॉर्ड्रेड व ओबेरॉन या चार भूमिका नियमांनुसारच ऐच्छिक आहेत. सगळेच नवे असतील, तर पहिला डाव मर्लिनशिवाय, केवळ निष्ठावान आणि हस्तक एवढ्यांवरच खेळावा, असे मला मनापासून वाटते. मर्लिनची भूमिका सर्वांत आकर्षक आहे हे खरे. परंतु माहीत असूनही माहीत नसल्यासारखे वागणे, आणि तरीही योग्य माणसांच्या मोहिमेला मत मिळवून देणे, हे ज्याने एकदाही मतदान पाहिलेले नाही त्याच्यावर सोपवणे अन्यायाचे आहे.

दुसऱ्या डावात मर्लिन आणि मारेकरी यांना एकत्र आणावे. त्यानंतर पर्सिव्हल आणि मॉर्गाना यांची जोडी येते: पर्सिव्हलला मर्लिन दिसतो, पण मॉर्गानाही मर्लिन म्हणूनच दिसते, त्यामुळे एकाची मदत दुसरीच्या फसवणुकीने तोलली जाते. मर्लिनलाही न दिसणारा मॉर्ड्रेड यानंतर घ्यावा. ओबेरॉन सर्वांत शेवटी, कारण त्याला आपले साथीदार माहीत नसतात आणि साथीदारांना तो माहीत नसतो. इतक्या एकाकी हस्तकाला आपली बाजू कोणाच्याही आधाराशिवाय, केवळ इतरांची मते वाचून शोधावी लागते.