आधी पाणी, मग मासा

[पहाट. बैठकीच्या खोलीत दोन फुटी काचेची टाकी. पंप सुरू आहे, वाळूवर उजेड हलतोय.]

एकविसावा दिवस. वाळू आहे, दगड आहेत, पाणी फिरतंय. मासा एकही नाही. घरी येणारा प्रत्येक जण आधी टाकीकडे बघतो, मग माझ्याकडे. शेजारच्या काकू तर रोज दारातूनच विचारतात, "आले का गं मासे?" मी सांगते, "नाही काकू, पाणी अजून तयार व्हायचंय."

खाऱ्या पाण्याची ही माझी दुसरी टाकी. पहिली चार वर्षांपूर्वी मांडली होती. टाकी, मीठ आणि दोन मासे, सगळं दोन दिवसांत घरी आलं. दुकानदार म्हणाला, "ताई, हे औषध चार थेंब टाका आणि उद्या मासे सोडा." मी सोडले. पाचव्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. आठव्या दिवशी दोन्ही गेले. पाणी मात्र शेवटपर्यंत नितळ होतं. काय चुकलं ते कळायला मला पुढे कित्येक महिने लागले. ज्यांना पहिली टाकी मांडायची आहे, त्यांना ते आधीच कळावं, एवढ्यासाठी हे सांगते आहे.

[कच्च्या कोळंबीचा तुकडा जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात सोडणारा हात.]

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं की पुन्हा अमोनियाच. समुद्रात तो पांगतो. पन्नास-पंचावन्न लिटर पाण्यात पांगणार कुठे? त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ८.१ ते ८.४, म्हणजे चढा. पीएच चढला की तेवढाच अमोनिया जास्त जहरी होतो. आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

त्याला खाणारे जिवाणू असतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बेतात असेल तर मासा सोसतो. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणाकणावर वस्ती करतात, पण फार सावकाश. चार ते सहा आठवडे जातात. दुधाला विरजण लावून भांडं हलवत बसलं तर दही लागत नाही, तसंच हे. मासे नसताना त्यांना खायला म्हणून मी बाजारातल्या कोळंबीचा एक तुकडा टाकला. तो कुजला, वास आला, घरच्यांनी नाकाला पदर लावले. तो वास म्हणजे काम सुरू झाल्याची खूण.

[परीक्षानळी, मागे पांढरा कागद. पिवळं पाणी हळूहळू हिरवं होतंय.]

नळीतल्या पाण्यात चाचणीचे थेंब टाकले की रंगावरून अमोनिया कळतो. पहिले काही दिवस नळीतला रंग पिवळाच. मग एके सकाळी पोपटी, दोन दिवसांनी गडद हिरवा. अमोनिया चढला होता. तिसऱ्या आठवड्यात हिरवा फिका पडायला लागला आणि नायट्राइटच्या नळीत जांभळा रंग उमटला. पहिली जमात कामाला लागली, दुसरी अजून यायची आहे. आज इथे आहोत आपण.

दरम्यान काचेवर तपकिरी थर चढला. नव्या टाकीत तो येतोच, घाबरून पाणी उपसू नका. तो आपण होऊन ओसरतो.

[बादली, मिठाची पिशवी, रिफ्रॅक्टोमीटर.]

आता पाण्याचं. मुंबईत समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मीठ विकत का घ्यायचं, हा प्रश्न मलाही पडला होता. पण शहराला लागून असलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं, आणि पावसाळ्यात खारटपणा उतरलेला. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेटही असतं. मत्स्यालयासाठी तयार केलेलं समुद्री मीठ मिळतं, तेच घ्या. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम.

हे मीठ कालवायचं पाणीही शुद्ध हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते थेट वापरू नका. घरातल्या आरओचं पाणीही बघून घ्या, कारण कित्येक यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्याच्या जवळ हवा.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. त्याच्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि खिडकीकडे तोंड करून एका डोळ्याने बघायचं. आत वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोन्हींची सीमा १.०२५ वर (ही गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता) आली की पाणी समुद्राइतकं खारं झालं. माझा पहिला थेंब १.०२१ वर थांबला होता. दोन मुठी मीठ, एक रात्र पंप, पुन्हा थेंब. त्या बारीक रेषेचं मला अजून अप्रूप वाटतं.

हे खारेपण टिकवणं कठीण. वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी, मीठ खाली राहतं. ५५ लिटरमधलं ५ लिटर उडालं, तर हजारी ३५ चा खारटपणा (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) साडेअडतीसवर जातो. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारली आहे. पाणी रेघेखाली गेलं की भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं पाणी फक्त दर आठवड्याला थोडं पाणी बदलते तेवढ्यापुरतं.

पाणी हलतं ठेवण्याचं महत्त्व मला एका जुन्या हकिकतीने पटलं. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून आणलेले प्रवाळ लंडनच्या घरात जगवले. तेव्हा कसला पंप? मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची. हवा पाण्यात मिसळायची ती अशी. माझ्या टाकीत ते काम पंप करतो. वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा छोटा हवापंप हाताशी ठेवला आहे. मे महिन्यात तर तो हवाच, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. उन्हाळ्यात पाण्यावर लहान पंखा सोडते, दोनेक अंश उतरतात.

[दगड हातात फिरवून दाखवताना.]

हे दगड मातीचे, भाजलेले, सच्छिद्र. खरे प्रवाळ मी आणले नाहीत आणि तुम्हीही आणू नका. २००१ साली आपल्या देशात कठीण कवचाचे प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, वाघाच्या पंगतीला. कुणी "लाइव्ह रॉक" म्हणून तुकडे पुढे केले, तर ते बहुधा मोडलेल्या प्रवाळाचेच असतात. मालवणला पाण्याखाली हे प्रवाळ जागेवर जिवंत पाहिले की घरात आणायची इच्छाच उरत नाही.

माशांचंही तेच. समुद्रातून धरलेला मासा नको, पैदास केंद्रातला हवा. क्लाउनफिश बंदिस्त पाण्यात वाढतो, हे आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने करून दाखवलं आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास होते. अशा माशाला समुद्रफूल (क्लाउनफिश समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतो तो जीव) लागत नाही, आणि गोळी खायची सवय त्याला लहानपणापासून असते.

[सहावा आठवडा. तिन्ही नळ्या शेजारी शेजारी.]

अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट थोडं.

पिशवीतलं पाणी बादलीत ओतलं, त्यात दोन क्लाउनफिश. मासे नव्या पाण्याला हळूहळू सरावावेत म्हणून टाकीतून बादलीत बारीक नळी सोडली, तिला सैल गाठ मारली. थेंब, थेंब, थेंब. तासभर मी बादलीशेजारी जमिनीवर बसून होते. काकूही आल्या, खुर्ची नको म्हणाल्या आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या.

[टाकी. दोन नारिंगी मासे, दगडाआडून बाहेर.]

क्लाउनफिशच्या जोडीत जो वरचढ होतो तो मादी बनतो, दुसरा नर राहतो. आज दोघंही करंगळीच्या पेराएवढी, सारखीच दिसतात. उजवीकडच्याने काल दुसऱ्याला कोपऱ्यात रेटलं, आणि दुसऱ्याने अंग तिरकं करून थरथरत हार मानली. काकूंचा कौल उजवीकडच्याला आहे.